थांबण्याची अट

गेल्या वर्षी श्रावणात शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता, पण ते दुखावले होते. "साहेब, माल तुमच्याकडनंच घेतलाय. गाडी सोमवारी येऊन खाली झाली. मग 'आमच्या कोटेशनवर आपला निर्णय कळवा' म्हणून तिसऱ्यांदा निरोप कशाला पाठवताय? आमच्यावर विश्वास राहिला नाही काय?" मी क्षमा मागितली आणि तक्ता उघडून पाहिला, तेव्हा कारण लगेच सापडले. ऑर्डर त्यांनी फोनवर दिली होती आणि तो फोन आमच्या शॉपमधल्या सुपरवायझरने घेतला होता. जॉबकार्ड निघाले, माल तयार होऊन गेला, बिलाची नोंद टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये झाली. परंतु ज्या गूगल शीटवर आमची आपोआप निरोप पाठवण्याची व्यवस्था चालते, तिच्यात त्यांच्या नावापुढे 'चौकशी आली' एवढेच लिहिलेले राहिले होते. व्यवस्थेने तिला नेमून दिलेले काम चोख केले होते: तिसऱ्या दिवशी पहिला निरोप, सातव्या दिवशी दुसरा, पंधराव्या दिवशी तिसरा. चूक आमची होती, कारण सुरू केव्हा व्हायचे हे आम्ही तिला तपशीलवार सांगितले होते आणि थांबायचे केव्हा हे मात्र एकाच रकान्यावर सोपवले होते, जो भरायची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात विक्रीचे काम करताना मला हे शिकायला मिळाले. आज आमच्या भागातले फौंड्रीवाले, मशीनशॉपवाले, शहापूरचे साडी व्यापारी, निपाणी-चिकोडीकडचे घाऊक दुकानदार, सगळेच कमीअधिक प्रमाणात विक्रीची वारंवार करावी लागणारी कामे सॉफ्टवेअरकडे सोपवू लागले आहेत. ही कामे सोपवावीत की नाही, एवढ्यावरच चर्चा थांबते. काहींना त्यात प्रगती दिसते, काहींना माणुसकीचा ऱ्हास दिसतो. माझे म्हणणे असे आहे की कामे जरूर सोपवावीत. परंतु अशा व्यवस्थेची पारख ती किती निरोप पाठवते यावरून न करता ती कोणकोणत्या कारणांनी थांबते यावरून करावी, आणि ही पारख व्यापाऱ्याच्या खासगी सोयीपुरती न ठेवता गावाचा, बाजारपेठेचा प्रश्न मानावी.

सोपवावीत असे मी का म्हणतो, ते आधी सांगतो. आमच्या कार्यालयात येळ्ळूरहून रोज बसने येणारी, बी.कॉम. झालेली एक मुलगी काम करते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिची सकाळ कशी जाई, हे मी समोरच्या टेबलावरून पाहत होतो. ऑनलाइन बाजारपेठांवरून आलेल्या तीस-पस्तीस चौकश्या ती एकेक करून उघडायची, नाव आणि नंबर वहीत उतरवून घ्यायची, तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवायची, मग कोटेशनच्या जुन्या फाइलमध्ये नाव बदलून नवी फाइल करायची आणि तीन दिवसांनी ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना पुन्हा तेच. दुपारच्या जेवणापर्यंत हे चाले. कधी एकाच्या नावाने दुसऱ्याचा दर जाई, आणि असे झाले की ती दिवसभर गप्प असे. हे काम शिकलेल्या माणसाच्या बुद्धीचा अपमान करणारे होते, असे मला तेव्हाही वाटत होते.

आता चौकशी आली की तक्त्यात तिची ओळ आपोआप तयार होते, पोच जाते, आणि बोअर, स्ट्रोक, रॉडचा व्यास, दाब किती बार, माउंटिंग कोणते यांपैकी जे राहिले असेल ते विचारणारा एक निरोप जातो. पुढचा फोन केव्हा करायचा, याची आठवण त्या मुलीला येते. फोन मात्र तीच करते. गेल्या हंगामात साखर कारखान्याला माल पुरवणाऱ्या एका ठेकेदाराने नेहमीचे सिलिंडर मागितले होते. सिलिंडर कुठे बसणार, तेल किती तापते, हे तिने फोनवर विचारले आणि लक्षात आले की त्या तापमानाला नेहमीचे नायट्राइल रबराचे सील टिकणार नाही, व्हायटॉनचे घालावे लागेल. ही विचारपूस करायला तिला पूर्वी वेळच नव्हता. राजकोट, कोइमतूर आणि पुण्याचे कारखाने दहा मिनिटांत उत्तर देत असताना आम्ही दुपारनंतर उत्तर देत होतो, तोटा तिथे होत होताच. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो या मुलीला मिळालेला वेळ.

तर पोच देणे, तारीख लक्षात ठेवणे, राहिलेली माहिती मागणे ही कामे यंत्राने करावीत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. शंका सुरू होते ती पुढे. जे निरोप आपण होऊन कोणी मागितलेले नाहीत, ते पाठवणेही याच व्यवस्थेला तितकेच सोपे झाले आहे. ५० पैशांच्या पोस्टकार्डावर व्यापारी पत्रे जात होती, त्या काळात माणूस किती जणांना लिहील याला एक नैसर्गिक मर्यादा होती. पैशांची नव्हे, हाताची. पत्ता लिहायला हात लागे, आणि हात दुखू लागला की माणूस आपोआप विचार करी की या गृहस्थाला लिहिण्यात अर्थ आहे का. फिरत्या विक्रेत्याला एसटीचे तिकीट आणि उन्हातली पायपीट यांनी तोच विचार करायला लावले. सॉफ्टवेअरने हे कष्ट काढून टाकले, ते बरेच झाले. पण कष्टांसोबत तो विचारही निघून गेला. पाठवणाऱ्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला आणि वाचणाऱ्याचा मात्र जसाच्या तसा राहिला. दोनशे जणांना एका क्लिकवर निरोप गेला, तरी तो दोनशे जणांना वेगवेगळा वाचावा लागतो: कोणाला गाडी चालवताना, कोणाला दवाखान्याच्या रांगेत, कोणाला लेथवर काम चालू असताना. हात दुखण्याची जी मर्यादा गेली, तिच्या जागी आपल्याला दुसरी मर्यादा जाणीवपूर्वक बांधावी लागेल, ती आपोआप येणार नाही.

काही मर्यादा कायद्याने बांधल्या आहेत आणि त्या आपल्या व्यापाऱ्यांना पुरेशा माहीत नाहीत, याची मला खंत वाटते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यापारी एसएमएस पाठवणाऱ्याने स्वतःची, निरोपावर दिसणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या साच्याचीही आगाऊ नोंदणी करावी लागते. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून जाहिरातीचे फोन करता येत नाहीत; त्यांच्यासाठी १४० ने सुरू होणारी मालिका राखून ठेवली आहे. नको असलेल्या फोनची तक्रार १९०९ वर करता येते. फेब्रुवारी २०२५ मधल्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवसांवर नेली, आणि नोंदणी न करता असे फोन करणाऱ्यावर दहा दिवसांत ५ तक्रारी आल्या तरी कारवाई व्हावी अशी तरतूद केली. तरीही आमच्या बाजारात दुसरे सिमकार्ड घेऊन सणासुदीला हजारो जणांना ऑफर पाठवणे हा अजून धंद्याचा साधा भाग मानला जातो. त्यात नियम मोडतो, हे सांगितले की लोक खरोखरच चकित होतात.

ईमेलचे तेच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला आपल्या डोमेनची, म्हणजे ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, ओळख पटवून द्यावी लागते, जाहिरातीच्या पत्रात एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय ठेवावी लागते आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राखावे लागते. आपला एखादा फौंड्रीवाला निर्यातीच्या आशेने कुठून तरी मिळवलेल्या यादीवरच्या जर्मन कंपन्यांना पत्रे धाडतो. जर्मनीत व्यावसायिक पत्त्यावर पाठवलेल्या जाहिरातीच्या ईमेललाही साधारणपणे पूर्वसंमती लागते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्या गिऱ्हाइकाला आपण चांगल्या कास्टिंगने जिंकू पाहतो, त्याच्याशी आपली पहिली ओळख अशी व्हावी, हे मनाला लागते.

परंतु कायदा पुरेसा नाही, आणि तो पुरेसा होईल अशी वाट पाहू नये. शिरोलीच्या गृहस्थांच्या बाबतीत आम्ही एकही नियम मोडला नव्हता. त्यांनी स्वतः चौकशी केली होती, नंबर दिला होता. मोडला होता तो बावीस वर्षांचा रिवाज. आमच्याकडचा निम्मा व्यवहार बोलण्यावर चालतो. ऑर्डर लग्नाच्या मांडवात ठरते, हुबळीच्या गाडीत ठरते, टपरीवर चहा पिताना ठरते. नकारही तसाच तोंडी, बहुधा अर्धवट शब्दांत दिला जातो. 'बघतो की ओ, कळवतो' या वाक्याचा अर्थ होकार आहे की नकार, हे ऐकणाऱ्या बेळगावकराला सुरावरून कळते. यंत्राला जे लिहिले तेवढेच कळते. म्हणून ज्या गावात व्यवहार तोंडी चालतो तिथे अशी व्यवस्था बसवायची असेल तर आधी लिहिण्याची शिस्त लागते, आणि ही शिस्त सॉफ्टवेअरसोबत विकत मिळत नाही. आम्ही पुढे एवढेच केले की टॅलीत बिल झाले, गिऱ्हाइकाचे कसलेही उत्तर आले, किंवा आमच्यापैकी कोणीही त्यांच्याशी फोनवर बोलले, यांपैकी एक गोष्ट घडली की त्या नावाचे पुढचे सगळे निरोप बंद. पुन्हा सुरू करायचे तर माणसाने सुरू करायचे. कमी निरोप जातील, एखादी चौकशी निसटेल, हे मान्य करूनच.

आता सीमाभागातल्या माणसाला रोज जाणवणाऱ्या एका गोष्टीकडे येतो, ती म्हणजे निरोपाची भाषा. बहुतेक व्यवस्था गिऱ्हाइकाची भाषा त्याला विचारत नाहीत. पिनकोडवरून किंवा राज्यावरून ठरवतात. ५९० किंवा ५९१ ने सुरू होणारा पिनकोड दिसला की कर्नाटक, आणि कर्नाटक म्हणून कन्नड, नाहीतर इंग्रजी. खानापूरच्या एखाद्या मराठी आजीला बँकेच्या, गॅसच्या, विम्याच्या नावाने येणारे ध्वनिमुद्रित फोन कळत नाहीत, आणि न कळलेल्या फोनला 'हो' म्हणण्याचा धोका तिच्याच वाट्याला येतो. तसेच जत आणि अक्कलकोटच्या कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत उलट्या बाजूने होते. हा प्रश्न एका भाषेने दुसरीवर कुरघोडी करण्याचा नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना माणसे दोन-तीन भाषांत जगतात, आणि ज्याने यादी बनवली त्याने एक प्रश्न विचारण्याचे कष्ट घेतले नाहीत, एवढाच तो आहे.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे, हे मी आवर्जून सांगू इच्छितो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार एखाद्याची माहिती वापरण्यासाठी संमती मागताना, त्या सूचनेचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय त्या व्यक्तीला द्यावा लागतो. अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी त्यात आहे, कन्नड आहे, कोकणीही आहे. शिवाय संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. कायद्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. भाषेचा हा हक्क राज्याच्या सीमेवर थांबत नाही, तो माणसाबरोबर जातो. सीमाभागातल्या संस्थांनी पाट्यांच्या भाषेसाठी जेवढी शक्ती लावली, तिच्यातली थोडी या हक्काकडे वळवावी अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण पाटी दिवसातून एकदा दिसते आणि फोन खिशात असतो.

भाषा विचारली तरी काम संपत नाही. इंग्रजीवरून आपोआप भाषांतर केलेल्या मराठीत 'तुझी ऑर्डर तयार आहे' असे वाक्य साठ वर्षांच्या व्यापाऱ्याला जाते. आमच्याच यादीत नावाच्या रकान्यात काही ठिकाणी आधी 'मे.' (मेसर्स) लिहिले होते, काही ठिकाणी 'श्री'. व्यवस्थेने पहिला शब्द उचलला आणि काही जणांना 'नमस्कार मे.,' अशी सुरुवात असलेली पत्रे गेली. ही बाब क्षुल्लक नाही. आपल्याकडे कोणाला काय म्हणून हाक मारायची, काका की अण्णा की साहेब, यात नात्याचे वय आणि मान दोन्ही असतात. म्हणून आपोआप जाणारे निरोप मी मुद्दाम रुक्ष ठेवतो: चौकशी मिळाली, अमुक माहिती हवी आहे, खाली कारखान्याचे नाव. जिव्हाळ्याचे शब्द यंत्राच्या तोंडी घालणे मला खोटेपणाचे वाटते. जिव्हाळा दाखवायचा असेल तर फोन उचलावा.

शहापूरच्या खडेबाजारात एका ओळखीच्या साडीच्या दुकानात मी अलीकडे एक चोपडी पाहिली. लग्नाचा बस्ता बांधायला गोव्याहून चोर्ला घाटाने, चंदगड-गडहिंग्लजकडून, धारवाडकडून जी कुटुंबे येतात त्यांची नोंद मालक तिच्यात ठेवतात. घराण्याचे नाव, गाव, लग्नाची तारीख, आणि पुढे बारीक अक्षरात: 'आत्यांना हिरवा चालत नाही', 'धाकटीचं दोन वर्षांनी', 'भाव करत नाहीत, घाई करू नये'. काही शेरे मराठीत, काही कन्नडमध्ये, ज्या भाषेत बोलणे झाले त्या भाषेत. एका पानावर लग्नाच्या तारखेवर रेघ मारलेली होती आणि शेजारी फक्त 'मोडलं. विचारू नये' एवढे लिहिले होते. त्यांच्या मुलाला ही चोपडी तक्त्यात भरून व्हॉट्सअ‍ॅपवरून सीझनचे निरोप पाठवायचे आहेत. मी त्याला मदत करतो आहे, आणि मदत करताना माझी सगळी काळजी त्या एका ओळीची आहे. तारीख, गाव, नंबर हे रकान्यांत सहज बसते. 'विचारू नये' हा शेरा ज्या व्यवस्थेत बसत नाही ती त्या दुकानात चालू करायला मी तयार नाही. म्हणून सर्वांत आधी तोच रकाना केला आणि त्यात काहीही लिहिलेले असले तर निरोप जाणार नाही, अशी अट घातली.

अथणीकडच्या चप्पल कारागिरांची अडचण वेगळी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. हाताने बनवलेल्या जोडाला दिवस लागतात, पावसाळ्यात कातडे वाळायला आणखी वेळ लागतो. अशा घराला 'दिवसाला पाचशे जणांपर्यंत पोहोचा' म्हणून सांगणारा सल्लागार त्याचे भले करत नाही. पन्नास ऑर्डर आल्या आणि वीसच जोड झाले तर उरलेल्या तीस जणांची नाराजी त्या कारागिराच्या नावावर जमा होते. त्याच्या व्यवस्थेत थांबण्याचे कारण गिऱ्हाईक नाही, त्याचे स्वतःचे हात आहेत. हातात काम भरले की निरोप बंद व्हावेत आणि विचारणाऱ्याला 'पुढचा जोड अमुक महिन्यात' असे खरे उत्तर जावे.

याला आमचे व्यापारी मित्र जो आक्षेप घेतात तो मला गंभीर वाटतो. ते म्हणतात, मोठ्या कंपन्या दिवसरात्र निरोपांचा पाऊस पाडतात, त्यांना कोणी अडवत नाही. आम्ही लहान माणसांनीच संयम पाळायचा तर आम्ही मागे पडू. यात तथ्य आहे. पण मोठ्या कंपनीला एक गिऱ्हाईक दुखावले तर दुसरे मिळते; बेळगावसारख्या गावात एक दुखावले तर त्याचा साडू, त्याचा भागीदार आणि त्याच्या गल्लीतले दोन कारखाने दुखावतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पुरेशा लोकांनी ब्लॉक केले की व्यापारी खात्याची प्रतवारी घसरते आणि निरोप पाठवण्यावर बंधने येतात, मग ज्यांना खरोखर कोटेशन हवे होते त्यांच्यापर्यंतही पोहोचणे अवघड होते. लहान व्यापाऱ्याची ताकद ओळखीत आहे, आणि संख्येच्या शर्यतीत तो ती ओळखच खर्ची घालतो.

हे एकेकट्याने शिकायचे काम नाही. चेंबर ऑफ कॉमर्सने आणि औद्योगिक संघटनांनी सभासदांसाठी मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत संमतीचा एक साधा नमुना करून द्यावा. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच गावात आहे. तिथली मुले प्रकल्प म्हणून अशा व्यवस्था बनवतात, तेव्हा किती निरोप गेले याच्या आलेखाबरोबर ही व्यवस्था कोणकोणत्या परिस्थितीत गप्प बसते, याची यादीही त्यांच्याकडून मागितली जावी. मी दोन-तीन प्रकल्प पाहिले, हुशारीने केलेले होते, पण 'गिऱ्हाईक वारले तर काय?' या माझ्या प्रश्नावर मुले एकमेकांकडे पाहत राहिली. त्यांना तसे कोणी विचारलेच नव्हते.

शिरोलीच्या गृहस्थांचे नाव आम्ही आपोआप जाणाऱ्या यादीतून काढले आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येळ्ळूरची ती मुलगी त्यांना स्वतः फोन करते. गेल्या खेपेला त्यांनी माल काही मागितला नाही. नातवाचे बारसे झाल्याचे सांगितले, आणि तिने ते तक्त्यात लिहून ठेवले, ज्या रकान्यातून कुठलाही निरोप निघत नाही अशा रकान्यात.